उतरताना गाडी सुटली

वर्षभर या सदरात आपण मराठी शब्दांची उठाठेव करीत आलो. दिवाळी अंकात संपादक पाने जरा सैल सोडतात. फराळाच्या ताटात चिवड्याशेजारी केकचा तुकडा येऊन बसला तरी हल्ली कोणी नाक मुरडत नाही, म्हणून आज इंग्रजीचा विषय वाढतो आहे. विषय दिसायला अगदी बारीक आहे. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, तर ते इंग्रजीत सांगायचे कसे? व्हाइल, व्हेन, ॲज, ड्युअरिंग, मीनव्हाइल अशी ही पाच-सहा शब्दांची टोळी आहे. "हे आम्ही शाळेत शिकलो आहोत" असे म्हणून पान उलटू नका. या टोळीपायी आमच्या इमारतीतल्या एका भल्या गृहस्थाची झोप उडाली होती, त्याची हकीकत सांगायची आहे.

मी मुलुंडला राहतो, पूर्वेला. सव्वीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले आणि निवृत्त झालो. पण निवृत्त शिक्षकाला सरकार सोडते, शेजारी सोडत नाहीत. कोणाच्या मुलाचा नोकरीचा अर्ज, कोणाचे विमा कंपनीला पत्र, कोणाच्या अमेरिकेतल्या सुनेच्या डोहाळजेवणाची निमंत्रणपत्रिका, सारे कागद फिरत फिरत माझ्या टेबलावर येतात. मोबाईलमध्ये भाषांतराचे यंत्र आले तेव्हा वाटले, सुटलो! पण यंत्राने लिहिलेले बरोबर आहे का, हे विचारायला लोक पुन्हा माझ्याकडेच येऊ लागले. काम दुप्पट झाले एवढेच.

गेल्या श्रावणात असेच झाले. बाहेर धो धो पाऊस, सौ. कांद्याची भजी तळत होती आणि मी वर्तमानपत्र वाचीत होतो. दारावरची घंटा वाजली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आणि त्यांचे चिरंजीव दारात उभे होते. वहिनींच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत इस्पितळाचे कागद.

त्यांच्या यजमानांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. अण्णा फोर्टातल्या एका खासगी कचेरीत कामाला आहेत. मुलुंड ते बोरीबंदर हा प्रवास त्यांनी बत्तीस वर्षे केला. त्या स्थानकाचे नाव व्ही. टी. होते तेव्हापासून, ते आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस झाले तोपर्यंत. जून महिन्यात एका संध्याकाळी घरी येताना बहिणीला भेटायला म्हणून ते वाटेत एका स्थानकावर उतरत होते. उतरता उतरता पडले. मांडीचे हाड मोडले, सळई घालावी लागली. खिशातला पास भिजला, पण शाबूत राहिला. वकिलांनी सांगितले होते की रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येईल. नेमके काय घडले ते आधी इंग्रजीत चार ओळींत लिहून आणा.

चिरंजीवांनी ते लिहून आणले होते. मुलगा हुशार, इंग्रजी माध्यमात शिकलेला, संगणकाच्या कंपनीत कामाला. कागदावर पहिलेच वाक्य होते : 'व्हाइल गेटिंग डाउन द ट्रेन स्टार्टेड अँड फेल ऑन द प्लॅटफॉर्म.'

मी हसलो. हसायला नको होते. पण सव्वीस वर्षांची सवय.

"सर, हसण्यासारखं काय आहे त्यात?" वहिनींनी विचारले. त्यांचा आवाज कापत होता.

मी ओशाळलो आणि कागद खाली ठेवला. "वहिनी, चूक झाली. पण या वाक्यात अण्णा कुठेच नाहीत. या वाक्यात गाडी उतरते, गाडी सुटते आणि शेवटी गाडीच फलाटावर पडते."

चिरंजीवांनी कागद उचलून पुन्हा वाचला. "पण मी सरळ मराठीचंच इंग्रजी केलं. उतरताना गाडी सुटली आणि पडले."

तेच तर! मराठी वाक्यात काही खोट नाही. 'उतरताना गाडी सुटली' म्हटल्यावर गाडी कशातून उतरत होती, असे आपल्याकडे शेंबडे पोरही विचारणार नाही. 'जेवताना फोन वाजला' म्हटले तर फोन जेवत होता असे कोणाला वाटत नाही. मराठीचा '-ताना' हा मोठा ऐसपैस प्रत्यय आहे. त्याचा कर्ता घरात असो, बाहेर असो, की बोलणाऱ्याच्या मनात असो, त्याला चालतो. आपण माणसे ओळखून घेतो. पुढे 'पडले' म्हटल्यावर कोण पडले हेही क्रियापदच सांगते : गाडी असती तर 'पडली' असते.

इंग्रजीत ही सोय नाही. तिथे 'व्हाइल गेटिंग डाउन' असा कर्त्याविना तुकडा वाक्याच्या दाराशी आणून उभा केला, की तो आत शिरून जो पहिला कर्ता दिसेल त्याचा हात धरतो. आत गाडी बसलेली असेल तर तो गाडीचा हात धरणार. म्हणून कर्ता त्या तुकड्यातच बसवावा लागतो : 'व्हाइल ही वॉज गेटिंग डाउन, द ट्रेन स्टार्टेड.' आता उतरणारा अण्णा, आणि सुटणारी गाडी. दोन घरे, दोन कर्ते. अर्थात दोन्ही कामे एकच माणूस करीत असेल तर आखूड तुकडा खुशाल चालतो : 'व्हाइल गेटिंग डाउन, ही स्लिप्ड.' उतरणारा तोच, घसरणारा तोच, तेव्हा भांडण नाही.

हे ऐकून चिरंजीव जरा चिडले असावेत. त्यांनी मोबाईल काढला, त्यातल्या यंत्राला मराठीत काहीतरी सांगितले आणि पडदा माझ्यापुढे धरला. "हे बघा सर, हे तर बरोबर आहे ना?"

पडद्यावर होते : 'ही गॉट डाउन व्हेन द ट्रेन स्टार्टेड.'

व्याकरण निर्दोष. शाळेत असतो तर पूर्ण गुण दिले असते. पण हे वाक्य पहिल्यापेक्षा घातक होते. पहिल्याचा अर्थ लागत नव्हता, म्हणून कोणीतरी थांबून विचारले तरी असते. दुसऱ्याचा अर्थ लख्ख लागत होता, आणि तो खोटा होता. 'व्हेन'च्या दोन्ही बाजूंना साधा भूतकाळ आला, की 'व्हेन'कडची गोष्ट आधी आणि दुसरी तिच्यामागोमाग, असाच इंग्रजी वाचकाचा समज होतो. 'व्हेन द बेल रँग, द बॉइज रॅन आउट' म्हणजे घंटा आधी, पोरे मागाहून. तसे इथे झाले : गाडी सुटली आणि मग अण्णा उतरले. म्हणजे चालत्या गाडीतून!

"वर जाऊन अण्णांनाच विचारू या," मी म्हणालो. सौ.ने भज्यांची ताटली बरोबर दिली.

अण्णा पलंगावर पाय लांब करून बसले होते. मी मोबाईलमधल्या वाक्याचा अर्थ मराठीत सांगितला. हा माणूस कधी आवाज चढवीत नाही, पण त्या दिवशी चढवला. "सर, बत्तीस वर्षं मी या गाडीनं जातोय. लोक धावत चढतात, धावत उतरतात, दांड्याला लोंबकळतात. मी चौथ्या सीटवरसुद्धा विचारून बसणारा माणूस. चालत्या गाडीतून मी कधी पाय खाली टाकला नाही. पैसे मिळोत, न मिळोत. पण माझ्या नावावर ते लिहू नका."

"मग नेमकं काय झालं?"

"गाडी थांबली होती. मी उतरत होतो, एक पाय खाली, एक पाय पायदानावर. तेवढ्यात गाडी सुटली."

मग त्यांनी झोप का लागत नाही तेही सांगितले. फलाटावरच्या एका गृहस्थाने त्यांना उचलले, पाणी दिले, रिक्षात घातले. भला माणूस. पण तोच नंतर सर्वांना सांगत होता, "गाडी सुटल्यावर उतरत होते हो." त्याने डोके वळवले तेव्हा गाडी हललेली होती. त्याने पाहिले तेच तो सांगत होता.

मला आइन्स्टाइनची आठवण झाली. १९०५ साली त्यांनी सापेक्षतेचा सिद्धान्त मांडला, आणि पुढे सामान्य वाचकांसाठी तो समजावून सांगताना आगगाडीचेच उदाहरण घेतले : रुळांच्या कडेला उभ्या असलेल्याला दोन विजा एकाच वेळी पडल्या असे वाटते, धावत्या गाडीतल्या प्रवाशाला मात्र त्या एकामागून एक पडल्याचे दिसते, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. आता त्यांच्या हिशेबात प्रकाशाचा वेग येतो आणि आपली गाडी पडली स्लो लोकल. तेव्हा आमच्या अण्णांचा घोटाळा त्या जातीचा नव्हे. पण फलाटावरचा आणि गाडीतला 'एकाच वेळी' या शब्दांवर एकमत होणे अवघड, एवढे मात्र त्या दिवशी पटले.

आणि मुंबईकरांना तर हा घोटाळा परका नाही. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानभर स्टँडर्ड टाइम सुरू झाला, पण मुंबईने आपला मुंबई टाइम सोडला नाही. तो एकोणचाळीस मिनिटे मागे. हे दुहेरी राज्य या ना त्या रूपाने १९५५ पर्यंत चालले. जुन्या लग्नपत्रिकांत मुहूर्ताच्या वेळेपुढे 'स्टँ. टा.' असे छापलेले आढळते, ते त्यामुळे. ती दोन अक्षरे नजरेतून सुटली तर पाहुणा अक्षता पडून गेल्यावर मांडवात शिरायचा! तेव्हा वेळेचा लहानसा शब्द वगळला तर काय होते, याचा अनुभव आपल्या शहराने पन्नास वर्षे घेतलेला आहे.

असो. अण्णांच्या तोंडून निघालेल्या एका शब्दाने माझे काम सोपे केले. तो शब्द 'तेवढ्यात'. हाच धागा धरून वाचकांसाठी सगळी टोळी एकदा ओळीत उभी करतो.

आपल्या मराठीत काळ क्रियापदाच्या शेपटीला बांधलेला असतो. उतरताना, उतरल्यावर, उतरताच, उतरेपर्यंत, उतरतो न उतरतो तोच. धातू तोच, शेपूट बदलले की वेळ बदलली. इंग्रजीत क्रियापदाला एवढी शेपटे नाहीत, म्हणून तिथे वाक्याच्या तोंडाशी एक स्वतंत्र शब्द पहाऱ्याला ठेवतात. आपण भाषांतर करताना क्रियापद बदलतो आणि पहारेकरी कोणताही उभा करतो. चुका होतात त्या इथे.

जिथे मराठीत 'तेवढ्यात', 'इतक्यात' किंवा 'तोच' येईल, तिथे इंग्रजीत 'व्हेन' घ्यावा. आणि आधीपासून चाललेले लांबलचक काम 'वॉज'च्या घरात ठेवावे. 'मी उतरत होतो, तेवढ्यात गाडी सुटली' म्हणजे 'आय वॉज गेटिंग डाउन व्हेन द ट्रेन स्टार्टेड.' एक काम पसरलेले, दुसरे टिचकीसारखे त्यावर पडलेले. यंत्राच्या वाक्यात आणि या वाक्यात फरक किती? 'गॉट' गेला आणि 'वॉज गेटिंग' आले. पण तेवढ्याने चालत्या गाडीतून उडी टाकणारा माणूस थांबलेल्या गाडीतून उतरणारा सज्जन झाला.

जिथे '-ताना' किंवा '-त असता' येईल तिथे 'व्हाइल', पण कर्ता बरोबर घेऊन. हा शब्द वेळेचा विस्तार दाखवतो, म्हणून टिचकीएवढ्या क्रियेला तो शोभत नाही. 'व्हाइल द बल्ब बर्स्ट' असे कोणी लिहू नये. दिवा फुटायला वेळ तो किती लागतो!

या 'व्हाइल'ची एक खोडी मात्र ध्यानात ठेवावी. तो वेळ दाखवतो तसा विरोधही दाखवतो. 'व्हाइल माय वाइफ कुक्स, आय रीड द पेपर' हे वाक्य मी फळ्यावर नेहमी लिहीत असे. याचा अर्थ ती स्वयंपाक करते त्या वेळात मी पेपर वाचतो, असा होतो. आणि ती बिचारी राबते, मी मात्र पेपर वाचतो, असाही होतो. हे मी एकदा घरी कौतुकाने सांगितले. सौ. म्हणाली, "आमच्या घरी दोन्ही अर्थ लागू आहेत. वेगळे कशाला करायचे?" व्याकरणाचा तास तिथेच संपला.

'ॲज' हा आणखी बेरकी. 'जसजसा पाऊस वाढला तसतशा गाड्या रखडल्या' अशा जोडीने वाढणाऱ्या गोष्टींना त्याच्यासारखा शब्द नाही. पण त्याच्या पोटात 'कारण' हाही अर्थ आहे. चिरंजीवांच्या कागदावर दुसरे वाक्य होते : 'ॲज ही वॉज स्टँडिंग निअर द डोअर, ही फेल.' मुलाला म्हणायचे होते, दारापाशी उभे असताना पडले. वाचणारा वाचील, दारापाशी उभे होते म्हणून पडले. जबाब आणि अर्ज लिहिताना 'ॲज'ला शक्य तो दूरच ठेवावे. वेळ सांगायची तर 'व्हाइल' किंवा 'व्हेन', कारण सांगायचे तर 'बिकॉज'. ज्याचे काम त्याने करावे.

'ड्युअरिंग' आणि 'मीनव्हाइल' यांच्या भानगडीला आपला 'दरम्यान' जबाबदार आहे. मराठीत एकच 'दरम्यान' दोन ठिकाणी नोकरी करतो. 'प्रवासादरम्यान' म्हणतो तेव्हा तो नामाला चिकटतो, तो 'ड्युअरिंग'. 'दरम्यान, पोलीस येऊन पोहोचले' असे वर्तमानपत्र म्हणते तेव्हा तो वाक्याच्या आरंभी एकटा उभा राहतो, तो 'मीनव्हाइल'. 'ड्युअरिंग'ला पुढे नाम लागते : 'ड्युअरिंग द जर्नी'. 'ड्युअरिंग आय वॉज ट्रॅव्हलिंग' असे लिहिले तर नामाच्या खुर्चीवर अख्खे वाक्य बसवल्यासारखे होते. आणि 'मीनव्हाइल' दोन वाक्ये जोडीत नाही. तो स्वतंत्र वाक्यातच राहतो. 'मीनव्हाइल आय वॉज कुकिंग, ही केम' हे वाक्य आमच्या वर्गात दरसाल कोणीतरी लिहीतच असे.

आता 'अन्टिल'. दोन गोष्टी बरोबरीने चालतात, एक थांबली की दुसरी थांबते, अशा ठिकाणी तो येतो. आपण मराठीत म्हणतो, 'गाडी थांबत नाही तोवर उतरू नका.' हा 'नाही' आपल्या भाषेत अगदी सुखाने नांदतो. तोच उचलून आपण लिहितो, 'डू नॉट गेट डाउन अन्टिल द ट्रेन डझ नॉट स्टॉप.' याचा सरळ अर्थ : गाडी न थांबण्याची वाट पाहा आणि मग उतरा! इंग्रजी 'अन्टिल'च्या पोटात 'नाही' आधीच शिजवून घातलेला आहे, वरून पुन्हा फोडणी नको. 'अन्टिल द ट्रेन स्टॉप्स' एवढे पुरे.

'-ताच' साठी 'ॲज सून ॲज' हा साधा मार्ग आहे, आणि 'नो सूनर' हा परीक्षेचा मार्ग आहे. 'नो सूनर डिड द ट्रेन स्टॉप दॅन...' हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी घोकले असेल याची गणती नाही. त्यातली खोच शेवटच्या 'दॅन'मध्ये आहे. 'दॅन' आणि 'देन' आपल्या तोंडात सारखेच वाजतात, म्हणून हातूनही 'देन' उतरतो. 'नो सूनर'चा जोडीदार 'दॅन', आणि 'हार्डली'चा 'व्हेन'. जोडपी फोडू नयेत.

शेवटी एक मुंबईचे खास नाणे : 'ॲट अ टाइम'. आपण मराठी बोलताना सर्रास म्हणतो, "ॲट अ टाइम दोन कामं करते ती." आपल्याला म्हणायचे असते एकाच वेळी. ते इंग्रजीत 'ॲट द सेम टाइम'. 'ॲट अ टाइम' म्हणजे एका खेपेला इतके. औषधाच्या कागदावर 'वन ॲट अ टाइम' असे असेल तर त्याचा अर्थ एका वेळेला एकच गोळी. आपल्या घरातल्या वृद्ध माणसांनी त्याचा अर्थ 'सगळ्या एका वेळी' असा लावला तर काय होईल, हे सांगायला नको. घरात कोणी मोठे माणूस एकटे गोळ्या घेत असेल तर या दिवाळीत त्यांच्याजवळ पाच मिनिटे बसून तो कागद वाचून दाखवावा. फटाक्यांपेक्षा ते पुण्य मोठे.

आमच्या पिढीने हे सगळे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून आणि रेन व मार्टिन यांच्या जाडजूड व्याकरणातून गिरवले. यातले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातले. पुढे १९२४ साली 'बो जेस्ट' ही कादंबरी लिहून ते जगभर गाजले, पण आपल्याकडे त्यांना ओळखतात ते व्याकरणामुळे. त्या पुस्तकांत घोकंपट्टी होती हे खरे. पण मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सवय तर्खडकरांनी लावली. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. मुले आमच्यापेक्षा कितीतरी सफाईने बोलतात, हे मी आनंदाने मान्य करतो. मात्र मराठी वाक्य डोळ्यांपुढे धरून 'यात कर्ता कोण' हे विचारण्याची सवय गेली. चिरंजीवांचे इंग्रजी कच्चे नव्हते. वडिलांचे मराठी वाक्य त्यांनी पुरते ऐकले नव्हते, एवढेच. 'तेवढ्यात' हा शब्द त्यांच्या कानावरून निसटला होता.

त्या संध्याकाळी अण्णांच्या पलंगाशी बसून आम्ही चार ओळी तयार केल्या. अण्णा मराठीत सांगत, चिरंजीव इंग्रजी करीत, मी फक्त पहारेकरी तपाशीत होतो. 'द ट्रेन हॅड स्टॉप्ड. आय वॉज गेटिंग डाउन, विथ वन फूट स्टिल ऑन द फूटबोर्ड, व्हेन द ट्रेन स्टार्टेड. आय लॉस्ट माय बॅलन्स अँड फेल ऑन द प्लॅटफॉर्म.' अण्णांनी प्रत्येक वाक्याचे मराठी करून घेतले, दोनदा ऐकले आणि म्हणाले, "हं. असंच झालं."

वकिलांनी ते वाचून जे सांगितले, ते उपनगरातल्या प्रत्येक घराला ठाऊक असावे म्हणून येथे देतो. १९८९ च्या रेल्वे कायद्यात १९९४ साली एक कलम घातले गेले. प्रवासी गाडीतून अपघाताने पडला तर भरपाई देताना दोष कोणाचा हा प्रश्नच ते कलम विचारीत नाही. आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, जाणूनबुजून करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशा किंवा वेड, आणि नैसर्गिक आजार एवढेच अपवाद. चढताना पडणे हेही गाडीतून पडणेच, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले. आणि चढता-उतरताना झालेला अपघातही यात येतो, नुसता निष्काळजीपणा म्हणजे 'स्वतःहून केलेली इजा' नव्हे, हे २०१८ साली आणखी स्पष्ट केले. मृत्यूबद्दलची भरपाई १ जानेवारी २०१७ पासून चार लाखांवरून आठ लाख झाली आहे. दुखापतींचे दर ठरलेले आहेत. अर्ज अपघातापासून एक वर्षाच्या आत करायचा असतो. तिकीट किंवा पास जपून ठेवावा, इस्पितळाचे कागद जपून ठेवावेत, आणि घडलेली हकीकत ताजी असतानाच, आपल्या भाषेत, नीट लिहून ठेवावी.

म्हणजे यंत्राचे वाक्य गेले असते तरी कदाचित अण्णांची भरपाई अडली नसती. हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "ते ठीक आहे हो सर. पण नातू मोठा होऊन कागद वाचील, त्याला काय वाटलं असतं?"

गेल्या आठवड्यात अर्ज दाखल झाला. निकाल यायचा तेव्हा येईल. काल संध्याकाळी आकाशकंदील लावायला मी स्टुलावर चढलो होतो. जिन्यात काठीचा आवाज आला. अण्णा एकेक पायरी उतरत खाली येत होते. इतक्या महिन्यांत प्रथमच. मागे वहिनी करंज्यांचा डबा घेऊन आणि चिरंजीव वडिलांच्या कोपराला हात न लावता, पण लावायला तयार असे. शेवटच्या पायरीवर अण्णा थांबले, दोन्ही पाय जुळवले आणि मग खाली टेकवले.

"सर, पूर्ण थांबून उतरलो हं," ते म्हणाले. "तसं लिहून ठेवा."

ते मी येथे लिहून ठेवले आहे. वाचकहो, दिवाळीला माहेरी, सासरी, कुठे घाटकोपरला, कुठे बोरिवलीला, गाडीने जाल. पिशव्या असतील, मुले असतील, गर्दी तर असेलच. गाडी पुरती थांबली की उतरा. आणि घरी पोहोचल्यावर सगळे जण एकाच वेळी बोलू लागले तरी, एकमेकांचे वाक्य पुरे होऊ द्या.

दिवाळी सुखाची जावो.